लांबचा प्रवास, कुठलं विमान बरं? वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

मागच्या अंकात या पानावर मी एवढंच लिहिलं होतं की परदेशाचं तिकीट काढताना नुसतं भाडं बघू नका, विमान कुठलं आहे तेही बघा. त्यावर ठाणे, कळवा, ऐरोली, खारघर, उलवे अशा सगळीकडून प्रश्न आले, काही चार ओळींचे, काही अगदी चार पानी. साहजिक आहे, आपल्याकडे आता बिल्डिंगच्या प्रत्येक मजल्यावर कोणाचं ना कोणाचं पोर बाहेर आहे आणि आईवडील वर्षाआड पंधरा-सोळा तासांचा प्रवास करतात. मी ३३ वर्षं विमानांच्या मेंटेनन्समध्ये काढली, सांताक्रूझच्या हँगरमध्ये रात्रपाळ्या केल्या, आता रिटायर होऊन पाचपाखाडीत असतो. जे हाताने खोललंय आणि जोडलंय त्याच्या जोरावर लिहितो.

प्रश्न (नौपाडा): नमस्कार भाऊ. माझं वय ६८. मुलगी न्यू जर्सीला आहे, तिचं बाळंतपण करायला जायचंय, एकटीच जाणार आणि एवढा लांब पहिल्यांदाच. बीपीची गोळी चालू आहे, गुडघे दुखतात. जावई म्हणतात डायरेक्ट घ्या, शेजारच्या म्हणतात मध्ये उतरून जा. कुठलं विमान घेऊ की त्रास कमी होईल?

ताई, आधी एक गोष्ट सांगतो जी तिकीट काढून देणारा कधीच सांगत नाही. विमान ३५-४० हजार फुटांवर उडतं, आत हवा भरून दाब ठेवलेला असतो, पण तो दाब जमिनीवरच्या इतका नसतो. नियम असा आहे की आतली हवा ८,००० फुटांच्या डोंगरावर असते त्यापेक्षा विरळ होऊ द्यायची नाही. म्हणजे जुन्या पद्धतीच्या विमानात तुम्ही सिमल्याहून थोडं वर सोळा तास बसलेल्या असू शकता, आणि मग डोकं जड होणं, घसा कोरडा पडणं, उतरल्यावर दोन दिवस अंगात त्राण नसणं, हे त्यातलंच.

बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० या दोन विमानांत हाच आकडा साधारण ६,००० फुटांवर आणलाय. आपलं कळसूबाई ५,४०० फूट, त्याच्या जरा वर समजा. हे का जमलं तर या दोघांचं अंग बरंचसं कार्बन फायबरचं आहे. ॲल्युमिनियमचं विमान प्रत्येक फेरीला फुग्यासारखं थोडं फुगतं आणि उतरलं की आकसतं, हजारो वेळा तेच झालं की रिवेटच्या भोकाच्या कडेला केसासारखी चीर सुटू शकते, मी टॉर्च आणि भिंग घेऊन अशा चिरा शोधत रात्री काढल्यात, त्यामुळे धातूच्या विमानात दाब जपूनच ठेवतात. शिवाय धातू गंजतो म्हणून हवाही कोरडी ठेवावी लागते. कार्बन फायबरला ही भीती कमी, मग दाबही जास्त ठेवता येतो आणि ओलावाही थोडा वाढवता येतो. तुमच्या वयाला हा फरक सीटच्या गादीपेक्षा मोठा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आता डायरेक्ट की मध्ये उतरून. गुडघे दुखतात म्हणून मध्ये उतरावं असं वाटतं खरं, पण अनोळखी एअरपोर्टवर मध्यरात्री दुसरं गेट शोधत जाणं, परत सिक्युरिटी, परत रांग, हे एकटीने पहिल्यांदा करायला मी माझ्या बहिणीलाही सांगणार नाही. डायरेक्ट मिळत असेल आणि विमान धातूचं, जुन्या पद्धतीचं बोइंग ७७७ असलं तरी डायरेक्टच घ्या. पण मध्ये उतरूनच जायचं ठरलं तर दोन्ही टप्प्यांत ७८७, ए३५० किंवा मोठं दुमजली ए३८० मिळतंय का ते बघायला मुलीला सांगा. व्हीलचेअरची विनंती तिकीट काढतानाच नोंदवा, निदान दोन दिवस आधी तरी हवीच. त्यात कमीपणा काही नाही, पुढे तीन महिने नातवंडाला उचलायचंय, ताकद तिकडे लागेल.

सीट आइलची, म्हणजे चालायच्या वाटेकडेची घ्या. खिडकीची अजिबात नको, कारण दोन झोपलेल्या माणसांना उठवायचा संकोच म्हणून आपल्या बायका पाणी पीत नाहीत आणि जागच्या हलत नाहीत आणि तिथेच घोटाळा होतो. चार तासांपेक्षा जास्त एका जागी बसलं तर पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याची शक्यता साधारण दुप्पट होते असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात आहे. घाबरू नका, मुळात ते प्रमाण सहा हजारांत एक इतकं कमी आहे, पण दर दीड-दोन तासांनी मागच्या पॅन्ट्रीपर्यंत चक्कर मारा, बसल्या बसल्या घोटे गोल फिरवा, पाणी पीत राहा. घट्ट मोजे घालायचे का आणि बीपीची गोळी कुठल्या वेळेला घ्यायची हे निघायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, ॲस्पिरिन वगैरे कोणी सांगितली म्हणून स्वतःहून घेऊ नका. आणि गोळ्या हातातल्या पर्समध्ये, चेक-इन बॅगेत नाही.

प्रश्न (ऐरोली): काका, माझी हाइट सहा फूट एक इंच आहे, कंपनी दर तीन महिन्यांनी पाठवते, इकॉनॉमीच असतं. एकाच विमानात एकदा आरामात बसलो आणि दुसऱ्यांदा खांदे आखडले, दोन्ही वेळा ७७७ च होतं. असं कसं?

कारण विमान बनवणारा फक्त नळकांडं देतो, आत किती सीट कोंबायच्या ते एअरलाइन ठरवते. ७७७ ची आतली रुंदी ५.८७ मीटर आहे. १९९५ ला ते सेवेत आलं तेव्हा बहुतेकांनी एका ओळीत ९ सीट ठेवल्या होत्या, सीट साडेअठरा इंचांपर्यंत रुंद मिळायची. पुढे एकेकाने तिथेच १० बसवायला सुरुवात केली आणि सीट आली १७ इंचावर. बाहेरून विमान तेच, रंग तोच, आत तुझा दीड इंच गेला. ७८७ ची गोष्टही तशीच, ते आधी २-४-२ अशा ८ सीटसाठी दाखवलं गेलं होतं, पण जवळजवळ सगळ्यांनी ३-३-३ केलं. जपान एअरलाइन्सने मात्र आपल्या आंतरराष्ट्रीय ७८७ मध्ये ८ च ठेवल्या, त्याबद्दल मला त्यांचं मनापासून कौतुक आहे.

रुंदीच हवी असेल तर ए३५० मध्ये ३-३-३ असेल तिथे साधारण १८ इंच मिळतात, ए३३० मध्ये २-४-२ असतं तेही १८, आणि दोघं जात असाल तर ए३३० सारखं सुख नाही, खिडकीची जोडी आपली आपली. ए३८० च्या वरच्या मजल्यावर इकॉनॉमी असेल तर तिथेही २-४-२ असतं आणि खिडकीजवळ बाजूला सामान ठेवायला कप्पा मिळतो. आवाजाच्या बाबतीत ए३८० आणि ए३५० खरंच शांत आहेत. बाकी कुठल्याही विमानात पंखाच्या पुढे बसलं तर इंजिनाचा आवाज कमी, मागे जास्त.

तिकिटावर विमानाचा कोड असतो तो बघायची सवय लाव. ७७डब्ल्यू म्हणजे ७७७-३००ईआर, ७८८ आणि ७८९ म्हणजे ७८७ चे दोन प्रकार, ३५९ म्हणजे ए३५०-९००, ३८८ म्हणजे ए३८०. मग सीट मॅप उघडून ओळीत सीट किती ते मोज. आणि हे सगळं करूनही ऐन वेळी विमान बदलू शकतं हे लक्षात ठेव. आम्ही दोघं मुलाकडे निघालो होतो, मी मुद्दाम दोन महिने आधी ए३५० बघून घेतलेलं, आणि गेटवर गेलो तर दुसरंच विमान उभं, दहा सीटवालं, आणि आमच्या सीटही वेगवेगळ्या ओळीत टाकलेल्या. काउंटरवरच्या मुलीला काही सांगता येईना. बायकोची पाठ त्या प्रवासात जी धरली ती महिनाभर. म्हणून आदल्या दिवशी रात्री सीट मॅप परत एकदा उघडून बघायचाच, बदल दिसला तर तेव्हाच फोन करता येतो, गेटवर काही होत नाही.

प्रश्न (खारघर): सर, अहमदाबादच्या अपघातानंतर मला ७८७ मध्ये बसायची हिंमत होत नाहीये. ऑक्टोबरमध्ये मुलाच्या ग्रॅज्युएशनला जायचंय आणि तिकीट नेमकं त्याच विमानाचं आहे. नवरा म्हणतो ११ए सीट घेऊ, त्या अपघातातला एकमेव वाचलेला माणूस तिथेच बसला होता म्हणून वाचला. मी काय करू?

ताई, तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. १२ जून २०२५ ला दुपारी मी टीव्हीसमोरून उठू शकलो नव्हतो. विमानातल्या २४२ पैकी २४१ जण गेले, खाली हॉस्टेलच्या इमारतीतले आणि आजूबाजूचे धरून एकूण २६०. भीती वाटणं बरोबर आहे, त्याला वेडेपणा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

पण आता त्या विमानाबद्दल जे माहीत आहे तेवढंच सांगतो. ७८७ प्रवासी घेऊन पहिल्यांदा उडालं २६ ऑक्टोबर २०११ ला. अहमदाबादच्या आधी जवळजवळ चौदा वर्षांत या जातीच्या एकाही विमानाच्या अपघातात प्रवासी दगावला नव्हता. अडचणी आल्या होत्या, जानेवारी २०१३ मध्ये लिथियम बॅटऱ्या तापून जळाल्या आणि जगभरातली सगळी ७८७ जमिनीवर उभी करावी लागली, मग बॅटरी जाड स्टीलच्या पेटीत बंद करून धूर थेट बाहेर जाईल अशी सोय केली तेव्हा एप्रिलमध्ये परत उडू दिली. मेंटेनन्सवाला म्हणून मला तो निर्णय योग्यच वाटला होता, नुकसान सोसून सगळी उभी केली. अहमदाबादचा प्राथमिक अहवाल जुलै २०२५ मध्ये आला, त्यात लिहिलंय की उड्डाणानंतर काही सेकंदांत दोन्ही इंजिनांचे फ्युएल स्विच रनवरून (इंधन चालू) कटऑफला (इंधन बंद) गेले, एकापाठोपाठ एक, साधारण एका सेकंदाच्या फरकाने, आणि तेवढ्यात इंजिनं थंडावली. त्याच अहवालात ७८७-८ चालवणाऱ्यांना किंवा बनवणाऱ्यांना त्या टप्प्यावर कुठलीही सूचना केलेली नव्हती. गेलेल्या पायलट लोकांबद्दल टीव्हीवर जे तर्क चालले ते मला अजिबात पटले नाहीत आणि मी त्यात भर घालणार नाही.

११ए चं म्हणाल तर तो नंबर त्या विमानात इमर्जन्सी दाराला लागून होता आणि विमानाचा तो भाग ज्या तऱ्हेने पडला त्यामुळे तो माणूस बाहेर येऊ शकला. तुमच्या विमानात ११ए कुठे असेल, कदाचित बिझनेस क्लासच्या मधोमध. प्रत्येक एअरलाइनमध्ये नंबर वेगळ्या जागी पडतात, आणि अपघातही दोन सारखे नसतात. त्या नंबरसाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

त्यापेक्षा हे करा. सीटवर बसलात की पुढच्या आणि मागच्या दारापर्यंत किती ओळी आहेत ते सीटला हात लावत मोजा, धुरात काही दिसत नाही, हातानेच मोजावं लागतं. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा एअरपोर्टवर ए३५० उतरताना कोस्ट गार्डच्या छोट्या विमानावर आदळलं आणि पेटलं. छोट्या विमानातले पाच जण गेले, पण ए३५० मधले ३७९ च्या ३७९ बाहेर आले. आठ दारांपैकी तीनच वापरता आली, आतला स्पीकर बंद पडला म्हणून क्रू भोंगे घेऊन ओरडत होता, शेवटचा माणूस उतरेपर्यंत १८ मिनिटं गेली आणि त्यानंतर विमान पूर्ण जळून गेलं. ते सगळे वाचले त्यात क्रूच्या ट्रेनिंगचा वाटा मोठा आणि दुसरा वाटा हा की लोकांनी बॅगा तिथेच सोडल्या. नियम काय तर अर्धी दारं बंद धरून भरलेलं विमान ९० सेकंदांत रिकामं होतं हे विमान कंपनीला करून दाखवावं लागतं, ए३८० साठी २००६ मध्ये ८७३ माणसं ७८ सेकंदांत उतरवून दाखवली होती, पण त्या परीक्षेत कोणी वरच्या कप्प्यातून ट्रॉली बॅग काढत बसत नाही. आपल्याकडे विमान थांबायच्या आधीच उभं राहून बॅगा काढणारे बघितले की माझ्या पोटात गोळा येतो. पासपोर्ट आणि औषधं छोट्या पाऊचमध्ये अंगावर ठेवा, म्हणजे बॅग सोडताना हात अडकणार नाही. चप्पल नको, बूट घाला, आणि टेक-ऑफ-लँडिंगला पायातच ठेवा.

तिकीट रद्द करू नका. मुलाच्या ग्रॅज्युएशनला आई हवी.

प्रश्न (कळवा): एअर पॉकेटमध्ये विमान खाली पडतं तेव्हा पंख तुटू शकतात का? खिडकीतून बघितलं तर पंख अक्षरशः हलत होते.

हलायलाच हवेत, न हलणारा पंख मोडेल. २०१० मध्ये ७८७ चा पंख कारखान्यात मुद्दाम वाकवून बघितला, आयुष्यात जास्तीत जास्त येईल असा जो भार धरलाय त्याच्या दीडपट लावला, टोक जवळजवळ २५ फूट वर गेलं आणि पंख टिकला. पंखाची काळजी सोडा, पट्ट्याची करा. २१ मे २०२४ ला लंडनहून सिंगापूरला जाणारं सिंगापूर एअरलाइन्सचं ७७७ म्यानमारवर असताना असं हललं की साडेचार सेकंदांच्या आसपास १७८ फूट खाली आलं, पट्टा नसलेली माणसं छताला आपटली, एक प्रवासी गेला, कितीतरी जखमी झाले. पंख मोडले नव्हते, विमान व्यवस्थित बँकॉकला उतरलं. पट्ट्याचा दिवा विझला तरी सैलसर का होईना पट्टा लावूनच बसा, पांघरुणाच्या वरून लावा म्हणजे क्रू झोपेतून उठवणार नाही. धक्के कमी जाणवावेत असं वाटत असेल तर पंखाजवळची सीट घ्या, शेपटीला सगळ्यात जास्त जाणवतात.

प्रश्न (घोडबंदर रोड): पूर्वी चार इंजिनवाली जंबो असायची, आता समुद्रावरून सुद्धा दोनच इंजिनं. एक बंद पडलं तर?

तर दुसऱ्यावर जातं, आणि नुसतं जातं नाही, किती मिनिटं जाऊ शकेल हे आधी सिद्ध करून परवाना घ्यावा लागतो. १९८५ मध्ये अटलांटिकवर दोन इंजिनांना १२० मिनिटांची मुभा मिळाली, म्हणजे वाटेत कुठेही असलात तरी एका इंजिनावर दोन तासांत एखादा एअरपोर्ट गाठता आला पाहिजे. ७७७ ला १८० मिनिटं मिळाली, ७८७ ला पुढे ३३०, ए३५० ला ३७० पर्यंत. यासाठी मेंटेनन्सचे नियमही वेगळे असतात, एकाच माणसाने दोन्ही इंजिनांवर तेच काम करायचं नाही, कारण त्याची चूक झाली तर ती दोन्हीकडे होईल. रात्री तीन वाजता माणसं कमी असताना सुद्धा आम्ही दुसरा माणूस येईपर्यंत थांबायचो.

मेंटेनन्समधली एक छोटी चूक कुठवर नेते ते २४ ऑगस्ट २००१ ला दिसलं. एअर ट्रान्सॅटचं ए३३०, टोरांटोहून लिस्बनला निघालेलं, ३०६ माणसं. थोडे दिवस आधी त्याचं एक इंजिन बदललं होतं, आणि बदलताना एक हायड्रॉलिक पाइप जुन्या मापाचा बसला, तो शेजारच्या फ्युएल पाइपला घासत राहिला, शेवटी पाइप फुटला. समुद्रावर सगळं इंधन संपलं, दोन्ही इंजिनं बंद. पायलटनी ते विमान इंजिनाशिवाय १९ मिनिटं तरंगत नेलं आणि अझोर बेटांवर लाजेसला उतरवलं, सगळे जिवंत. पायलटचं कौतुक जगभर झालं ते व्हायलाच हवं होतं. माझ्या डोक्यात मात्र तो पाइप राहिला, एवढासा फरक, बोटाने चाचपला असता तर कळला असता. त्यानंतर नव्या पोरांना शिकवताना मी पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगायचो. इंजिनं दोन की चार हे बघण्यापेक्षा विमान सांभाळणारी एअरलाइन कशी आहे, तिचं इतक्या वर्षांचं रेकॉर्ड काय आहे ते बघा.

प्रश्न (उलवे): आमच्या डोक्यावरून आता विमानं जायला लागली. इथून पुढे छोट्या विमानाने सात-आठ तास लांब जाता येईल म्हणतात, ते बसण्यालायक असेल का?

नवी मुंबईहून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुटायला लागली, ठाण्या-बेलापूरच्या लोकांचा अंधेरीचा ट्रॅफिक वाचेल याचा मला फार आनंद आहे. लांब जाणाऱ्या छोट्या विमानांत सध्या पुढे आहे ते ए३२१ एक्सएलआर, ८,७०० किलोमीटरपर्यंत जातं. सीटची रुंदी साधारण १८ इंच मिळते, म्हणजे दहा सीटवाल्या ७७७ पेक्षा जास्तच. त्रास दुसरा आहे, वाट एकच, जेवणाची गाडी मध्ये उभी राहिली की ना टॉयलेटला जाता येतं ना पाय मोकळे करता येतात. पाच-सहा तास ठीक, त्यापुढे मी स्वतः मोठं विमान घेईन.

प्रश्न (वागळे इस्टेट): पॉवर बँक कुठल्या बॅगेत? मित्र म्हणतो आता न्यायचीच नाही.

न्यायची, पण हातातल्या बॅगेतच, चेक-इनमध्ये कधीच नाही, कारण सामानाच्या पोटात पेटली तर कोणाला दिसणार नाही. १०० वॅट-अवरच्या आतली चालते, साधारण २७,००० एमएएचपर्यंत. वरच्या कप्प्यातही टाकू नका. २८ जानेवारी २०२५ ला कोरियात बुसानच्या एअरपोर्टवर एअर बुसानचं विमान उडायच्या आधीच वरच्या कप्प्यातून पेट घेऊन जळालं, सगळे उतरले पण विमान गेलं, आणि तपासात बोट पॉवर बँककडेच गेलं. काही एअरलाइन्सनी विमानात ती वापरायलाच बंदी केलीय, जवळ ठेवा पण चार्जिंगला लावू नका असं, एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून केलं. फुगलेली किंवा एकदा पडलेली असेल तर घरीच ठेवा. प्रवासात गरम लागली किंवा सीटच्या फटीत फोन अडकला तर सीट मागेपुढे न करता लगेच क्रूला बोलवा, सीटच्या यंत्रात फोन चिरडला की बॅटरी तिथेच पेटते.